द्राक्षासवाची बाटली

पेडणे, १४ जानेवारी १९८७

दादा,

वर साष्टांग नमस्कार घालायचा असतो, तो घातलाय असं समज. मी दहावीत मराठीत पस्तीस मार्कांवर सुटलो हे तुला माहीत आहे, तेव्हा चुका काढू नको. तुझा कुवेतचा पत्ता आईच्या ट्रंकेतल्या पाकिटावरून उतरवून घेतला. तिला सांगितलेलं नाही.

सत्याला मुलगी झाली. वीस डिसेंबरला. पहिलं बाळंतपण म्हणून ती सुर्ल्याहून इकडे माहेरी आली होती, आणि नेमका त्या दिवशी बंद. कोकणी की मराठी, त्यावरून चाललेला. म्हापशाच्या वाटेवर झाड आडवं पाडलेलं, आणि मी ज्या मिनीबसवर क्लीनर होतो ती तीन दिवस जागची हलली नव्हती. इस्पितळ राहिलं बाजूला. शेजारच्या वाड्यावरची मारीआना वयजीण चालत आली आणि तिनेच सोडवली. पोर खणखणीत आहे. सत्याच्या अंगावरून मात्र फार गेलं. एवढं रक्त मी टिपरखाली आलेल्या बैलाचंही पाहिलं नव्हतं. आता महिना होत आला तरी उठते आणि जनेलाच्या गजाला धरून उभी राहते, जशी काही बस येणार आहे. नखं कागदासारखी पांढरी.

वैद्याच्या द्राक्षासवाची एक बाटली संपली. फरक शून्य. मारीआना परवा आली आणि आईला म्हणाली, "चंद्रावती, तिका पोर्त वायन दी गो. सकाळ-सांज दोन कुलेरां. आमच्यांत बाळंतीण ताचेरूच उबी रावता."

आई म्हणाली, "तें सगळें उंबऱ्याभायर. म्हज्या घराक सपत आसा."

सपत कसली ते तुला सांगायला नको, पण कधी वाटतं तू तिकडच्या वाळूत विसरून गेला असशील, म्हणून लिहितो. तुझ्या साखरपुड्यात बाबा पिऊन मांडवातल्या समईवर पडले. मुलीकडचे नारळ उचलून उठून गेले. तू आठवड्यात निघालास, आणि जाताना बाबांकडे न बघता आईला म्हणालास, ह्यांनी तीन वर्षं थेंब घेतला नाही तर मी घरी येईन, नाहीतर मी मेलो समजा. त्या चतुर्थीला बाबांनी देवळात पंचांसमोर नारळावर हात ठेवला. येत्या चतुर्थीला तीन वर्षं पुरी होतील. थेंब नाही, दादा. खोकतात, मातीच्या खाणीतली धूळ छातीत बसली ती बसली, टिपरवरची ड्रायव्हरी सुटली, पण थेंब नाही. तू आईला लिहितोस त्या चार ओळी ते तिच्याकडून दोनदा वाचून घेतात. त्यात त्यांचं नाव नसतं, तरी.

आईने पदराच्या गाठीतून द्राक्षासवाच्या दुसऱ्या बाटलीचे पैसे सोडून दिलेत. तेवढ्यातच वायन बसवायची, कारण तांदूळ आणि पोराचं दूध वगळून घरात जे उरतं ते एवढंच. बाबांच्या नजरेस पडणार नाही. गोठ्यात वाशाला टांगून ठेवीन आणि सत्याला सकाळ-संध्याकाळ दोन चमचे माझ्या हाताने देत जाईन. काळजी करू नको.

सगुण


पेडणे, ८ फेब्रुवारी

दादा,

उत्तर आलं नाही. म्हणजे पत्र पोचलं असेल.

स्वस्त वायन मिळते, गोव्यात ती गटारात पण मिळेल. चांगली वायनही मिळते. दोन्ही एकाच बाटलीत मिळणं हे काम. मी सात ठिकाणी फिरलो. एकाने दिली ती साखरेचा पाक होती, झाकण उघडताच मुंग्यांना आमंत्रण. दुसऱ्याच्या बाटलीवर मुकुटवाल्या राजाचं चित्र, आत लाल पाणी. तिसरीकडे मी चव घेता घेता ट्रकचा अ‍ॅक्सल कसा तुटला ह्यावर दोन ड्रायव्हरांची मारामारी बघत बसलो आणि शेवटची बस चुकली. ते असो.

आठवा काइतान. म्हापशाच्या बाजारामागे त्याची तावेर्न आहे, दोन दरवाज्यांएवढी. मी त्याच्यासमोर पैसे ठेवले आणि म्हटलं, एवढ्यात बसणारी, पण खरी, बाळंतिणीला द्यायची आहे. एवढ्या पैशांत चांगली हवी म्हणून तो पोट धरून हसला. म्हणाला, "पयशे इतलेच, आनी जाय बरी. तूं वायन सोदपाक आयला काय बायल?"

पण माणूस चांगला. त्याने मला शिकवलं. म्हणाला, वायनीचे अर्धे पैसे लेबलाचे असतात. पावसात ओल लागून ज्यांची लेबलं सुटली त्या बाटल्या कुणी घेत नाही, त्या मला विचार. बूच कोरडं नसावं. बोटाला लावून बोटं चोळायची, चिकटली तर साखर. आणि शेवटची परीक्षा म्हणजे भिंत. बोट बुडवून त्याने चुन्याच्या भिंतीला टेकवलं. लाल ठिपका बघता बघता निळसर झाला, जांभळाच्या सालीसारखा. द्राक्ष असेल तर चुन्यावर निळं होतं. रंग घातला असेल तर लालचा लालच राहतो. त्याची अख्खी भिंत अशा ठिपक्यांनी देवी आल्यासारखी झालेली. ही परीक्षा टिपरवाल्यांची, म्हणाला. त्यांना जो तो फसवतो, म्हणून ते शिकले.

तिथेच एक शाळामास्तर आणि एक कचेरीतला कारकून भाषेच्या कायद्यावरून भांडत होते. तेव्हा तो व्हायचा होता, ह्या आठवड्यात झाला. मास्तर म्हणे मराठी बुडाली, कारकून म्हणे कोकणी तरली. दोघेही एकमेकांना ज्या भाषेत शिव्या देत होते ती मात्र एकच होती. काइतान त्यांचे ग्लास भरत म्हणाला, दोघय 'आनीक एक कोप' म्हणटात तें म्हाका समजता, म्हाका तितलेंच पुरो.

मी लेबल सुटलेली एक घेतली. तेवढ्याच पैशांत बसली, वर त्याने पोरग्यासारखं हसत दोन उंडे पाव दिले. सत्याला तेरा दिवस झाले घेऊन. नखांना रंग आलाय. काल विहिरीपर्यंत गेली आणि मला म्हणाली, "सगुणा, तुजी वायन कामाक आयली, आता तूं खंय कामाक येता तें पळय." जीभ तर पूर्ण बरी झाली आहे.

बाटली घरात कशी ठेवली आहे ते विचारू नको. नीट आहे.

सगुण


पेडणे, २२ मार्च

दादा,

शिगमो झाला. मी घरी नव्हतो. मिनीबस सुटली, म्हणजे मीच सुटलो. मालक म्हणाला क्लीनरने पुढच्या बाजूला झोपायचं नसतं. मग मी दशावतारवाल्यांच्या ट्रंका उचलत त्यांच्याबरोबर पंधरा दिवस फिरलो, मोरजीपर्यंत. मोरजीला सकाळी वाळूत कासवाचा माग दिसला, टायरच्या छापासारखा, समुद्रातून वर आणि परत समुद्रात. एक म्हातारा अंडी उकरून टोपलीत भरत होता. म्हणाला, ती घालते, झाकते, आणि मागे न बघता जाते. मला तू आठवलास. रागावू नको, आठवलास तर आठवलास.

सत्याला अनंत भावोजी येऊन सुर्ल्याला घेऊन गेले, पाच तारखेला. मी नव्हतो त्यामुळे निरोप झाला नाही. पोरीला मी काही दिलं नाही ह्याची आईला लाज वाटली.

मुख्य सांगायचं म्हणजे बाबांचा खोकला उतरला आहे. मी घरी आलो तर ते खाटेवर उठून बसलेले. आई म्हणाली सत्याचं औषध अर्धं उरलं होतं, टाकायचं कशाला, ह्यांना देते आहे संध्याकाळचं, आणि बघ कसे झोपतात.

मी विहिरीवर पाय धुवायला गेलो. 

तुला हे खरं वाटणार नाही, पण बाबा माझ्याशी बोलले. मला खाटेवर बसवून. सुर्ल्याच्या चढणीवर साठ टिपर कसे रांगेत उभे राहायचे, पावसात माती भरलेला ट्रक कसा उलटा घसरायचा, एकदा तू लहानपणी त्यांच्या मांडीवर बसून हॉर्न वाजवलास आणि सगळी रांग चालू झाली. हे तुला आठवतं का? ते हसले, दादा. मी त्यांना हसताना शेवटचं कधी पाहिलं ते मला आठवेना. त्यांनी पुढच्या खोलीतली तुझी खाट दुरुस्त केली आहे, दोरी नवी विणली. मला म्हणाले, लिहितोस ना त्याला, मग लिही, दिवस कळव. माझ्यासाठी नको, आईसाठी.

तेव्हा दिवस कळव. चतुर्थीच्या आधी ये. औषध संपलं होतं, मी नवीन बाटली आणून दिली.

सगुण


पेडणे, ३ मे

दादा,

काजूचे दिवस. अख्खं पेडणं बोंडांनी आंबलंय. डोंगराच्या कुशीत फेणीच्या भट्ट्या लागल्यात, वारा इकडे वळला की आई खिडक्या लावून घेते.

मी एक गॉगल घेतला. मोरजीच्या बाजूला एका गोऱ्याने विकला, काळा, काठावर सोनेरी. लावला की सगळं ढगाळल्यासारखं दिसतं, बरं वाटतं. पैसे कुठून आले म्हणशील. वायन मी आता काइतानकडून घेत नाही. पुलापाशी एकजण कॅनमधून भरून देतो, अर्ध्या दरात. स्वतःसाठीच घेतो, मधूनमधून. चव वाईट नाही.

बाबा संध्याकाळचे चालायला जातात. वैद्याने सांगितलंय चालायला. उशिरा येतात.

सत्याचं पत्र आलं होतं, पोरीला दात येतोय म्हणून. तिने मला एक ओळ लिहिली आहे, 'बाटली काय केलीस?' तिला काय कळवू ते सुचत नाही.

तू चतुर्थीपर्यंत थांबू नको. जूनमध्ये आलास तर बरं. काही झालं नाही, उगीच लिहितो.

सगुण


पेडणे, २ जून

दादा,

तार मिळाली असेल. तारेत जास्त शब्द बसत नाहीत.

तीस तारखेला गोवा राज्य झालं. बाजारात फटाके, कचेरीवर दिवे, शाळेच्या पोरांना पेढे. बाबा दुपारी चारला बाहेर पडले. मला वाटलं बघायला गेले असतील. दुसऱ्या दिवशी सकाळी गुरं घेऊन जाणाऱ्याला काजूच्या डोंगराखाली, व्हाळात दिसले. पाणी घोट्याएवढं सुद्धा नव्हतं. तोंड खाली होतं. भट्टीवरच्यांनी सांगितलं, संध्याकाळी आले होते, रोजचेच, पण त्या दिवशी उठून एकटे निघाले.

पोलीस आले, इस्पितळात नेलं, चिरफाड झाली. आईला कागदावर अंगठा लावायला सांगितला तर तिने सही केली, पूर्ण नाव, सावकाश.

लोक म्हणतात सपत मोडली, देवाने नेलं. देवळातल्या भटानेही तेच सांगितलं, जरा गोड शब्दांत.  तुझी वाट बघून अग्नी मी दिला. बारावं दहा तारखेला आहे. येणार असलास तर तार कर, मी पेडण्याच्या स्टँडवर थांबतो.

सगुण


पेडणे, ९ ऑगस्ट

दादा,

तुझं पत्र आलं, दोन ओळींचं. 'सपत मोडणाऱ्या माणसाच्या कार्याला मी येणार नाही. तुम्ही सगळ्यांनी मिळून मला फसवलंत.' आईने ते मला वाचायला दिलं, मग परत मागून घेतलं आणि घडी करून बाबांच्या शर्टाच्या खिशात ठेवलं. तो शर्ट अजून खुंटीवर आहे.

दुसरी ओळ खरी आहे. फक्त 'सगळ्यांनी' खोडून टाक. माझी पत्रं ठेवली असशील तर समोर घे. मी कुठे कुठे खोटं लिहिलं ते दाखवतो.

जानेवारीत लिहिलं की बाटली गोठ्यात टांगीन. टांगली नाही. आईच्या डोळ्यांतून काही सुटत नाही, गोठ्यातून तर नाहीच. मी काइतानची वायन द्राक्षासवाच्या रिकाम्या बाटलीत ओतली, वैद्याचं लेबल तसंच ठेवून, आणि ती फळीवर उभी केली, हिंगाच्या डबीशेजारी. आईला वाटलं वैद्याने दुसरी बाटली दिली. वासात फरक नाही, दोन्ही द्राक्षाचंच. रोज तीच सत्याला भरवायची. सत्याला माहीत होतं, मला माहीत होतं. आम्ही दोघं हसायचो, दादा. आई 'देवाचें वखद' म्हणत कुलेर पुढे करायची आणि सत्या डोळे मिटून तोंड उघडायची.

मग मी दशावताराबरोबर गेलो आणि सत्या सुर्ल्याला गेली. जाताना तिने बाटली ओतून टाकायला हवी होती. ती म्हणते, मला वाटलं तू टाकशील. अर्धी बाटली फळीवर राहिली. आपल्या घरात औषध फेकत नाहीत, तुला माहीत आहे. तुझ्या कानाचे थेंब आईने माझ्या कानात संपवले होते. तिने ते बाबांना सुरू केलं.

मी परत आलो त्या संध्याकाळी तीच वेळ होती. मी दारातच होतो. आईने कुलेर पुढे केली. बाबांनी घेतली, गिळली, आणि आईच्या खांद्यावरून माझ्याकडे बघितलं. बराच वेळ. मी चप्पल काढण्याच्या निमित्ताने वाकलो.

तेव्हा सांगता आलं असतं. आईला बाजूला घेऊन एवढंच, की आई, ते औषध नाही. पण मग तिला कळलं असतं की अडीच वर्षांची सपत तिने स्वतःच्या हाताने, स्वतःच्या कुलेरीने मोडली. आणि तू आला नसतास. आणि खरं सांगू का, त्या दिवसापासून बाबा माझ्याशी बोलायला लागले होते. मला खाटेवर बसवत होते. इतकी वर्षं मी घरात आलो काय, गेलो काय. मला ते सोडवेना. म्हणून बाटली संपल्यावर मी दुसरी आणली, आणि तीही त्याच लेबलात ओतली.

मे महिन्यात लिहिलं की पुलापाशी वायन घेतो ती स्वतःसाठी. तीही बाबांसाठीच होती. आई द्राक्षासवाचे म्हणून पैसे द्यायची, मी अर्ध्यात कॅनमधली आणायचो. उरलेल्याचा गॉगल. आई बिचारी त्यासाठी चहातली साखर बंद करून बसली होती. एप्रिलच्या अठरा तारखेपासून ती लाल फसवणूक त्या बाटलीत होती. तारीख आठवते, कारण त्या दिवशी गॉगल घेतला.

बाबा चालायला जायला लागले ते त्यानंतर आठवड्याने. वैद्याने काही सांगितलं नव्हतं.

गेले त्याच्या आदल्या दिवशी, एकोणतीसला, दुपारी त्यांनी मला हाक मारली. आई विहिरीवर होती. म्हणाले, "सगुणा, फाल्यां आदलेंच हाड रे."

पूर्वीचं काय आणायचं ते न कळल्यासारखं मी म्हटलं, "आदलें कितें?"

"वखद. आदलें वखद." आणि हसले थोडे. "हें लागू पडना."

मी म्हटलं, "सगळें एकच, बाबा."

ते भिंतीकडे वळून झोपले. मला वाटलं, सुटलो.

बारावं झाल्यावर आईने त्यांची खाट बाहेर काढून उन्हात टाकायला सांगितली. मी खाट ओढली. भिंतीवर, झोपलेल्या माणसाचा हात जिथे टेकेल तेवढ्या उंचीवर, ठिपके होते. बोटाएवढे. एका ओळीत, मग खाली दुसरी ओळ, शाळेच्या पाटीवर काढावेत तसे. निळे. मी मोजले, एक्केचाळीस. एक्केचाळीस संध्याकाळी त्यांनी कुलेरीचा शेवटचा थेंब बोटावर घेतला आणि भिंतीला टेकवला. त्यानंतर लाल. लाल फक्त सहा. सहाव्यानंतर भिंत कोरी.

 काइतान म्हणाला होता, टिपरवाल्यांची परीक्षा. बाबांनी तीस वर्षं टिपर चालवला हे मला तेव्हा का आठवलं नाही?

दादा, पहिल्या घोटाला त्यांना कळलं होतं. माझं लेबलही कळलं, मीही कळलो. ते ओरडू शकले असते. ओरडले असते तर आई मेली असती आणि मला तू नाही, गावानेच हाकललं असतं. ते गप्प राहिले. आणि हे नीट वाच, ह्यासाठीच एवढं लिहितो आहे. ती बाटली फळीवर उभी होती, हाताच्या अंतरावर. आई दिवसभर विहीर, शेत, देऊळ. घरात ते एकटे. ज्या माणसाने तुझ्या साखरपुड्याआधी सकाळपासून दोन बाटल्या संपवल्या होत्या, तो माणूस ती पूर्ण बाटली एका दमात घेऊ शकला असता. एक्केचाळीस दिवस त्याने संध्याकाळच्या दोन कुलेरांपलीकडे थेंब घेतला नाही. बाटलीवर मीच कोळशाने खूण करून ठेवली होती, म्हणून सांगतो. तुझ्या खाटेची दोरी त्याच दिवसांत विणली. तुझी चतुर्थी येईपर्यंत त्याने स्वतःला दोन कुलेरांवर धरून ठेवलं होतं.

आणि मी ती दोन कुलेरंही खोटी केली. जीभ जागी झालेली, आणि वर रंगाचं पाणी. मग ते डोंगराकडे गेले.

सपत त्यांनी मोडली नाही. ती मी मोडली, आईच्या हाताने. त्यांनी मोडलेली सपत उचलून, जेवढी जपता आली तेवढी जपली.

आई आषाढात देवाकडे कौल लावायला गेली होती. मी बरोबर होतो. तिने भटाला विचारायला सांगितलं, माझ्या घोवाची चूक पदरात घेतलीस का. ओल्या कळ्या देवाच्या अंगाला चिकटवल्या. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. दुपार झाली, एकही पडली नाही. भट म्हणाला, असं होत नाही कधी, उद्या या. आई रडली नाही, पदराने तोंड पुसलं फक्त. मी खांबाला टेकून उभा होतो. देवाला विचारलंच चुकीच्या माणसाबद्दल, तो तरी काय करणार. पण मी तिथे तोंड उघडलं नाही. तुला लिहितो आहे, कारण तू लांब आहेस आणि मला तुझं तोंड दिसत नाही. तिला मी सांगू शकलेलो नाही. तू सांगायचं की नाही ते आल्यावर ठरव. तू म्हणशील तसं करीन, पोलिसात जा म्हणालास तरी जाईन.

सत्याला लिहिलं. तिचं उत्तर नाही. अनंत भावोजी एकदा ट्रकवरून जाताना दिसले, थांबले नाहीत.

गॉगल अजून माझ्याकडे आहे. व्हाळात टाकणार होतो, मग वाटलं टाकला तर बरं वाटेल, म्हणून टाकला नाही.

यंदा सुतकामुळे गणपती पुजायचा नाही, पण आई म्हणते घर तरी पांढरं करूया, बघवत नाही. बाजारातून चुना आणायला लावला. आणला. रोज विचारते, भिजवलास का. मी म्हणतो ऊन पडू दे. ऊन पडलं की म्हणतो ब्रश नाही.

खाट मी परत भिंतीला लावून ठेवली आहे. मी आता कुठे जात नाही. मिनीबसवाल्याने बोलावलं होतं, नाही म्हटलं. तू ये, खाट ओढ, आणि स्वतःच्या डोळ्यांनी मोज. तोपर्यंत चुन्यात पाणी घालणार नाही.

तुझा भाऊ म्हणायचं की नाही ते तू ठरव,
सगुण